तंजावरचा मराठी शिलालेख : अभिमानाच्या आधी तारीख वाचा

🧵 १/ तंजावरला जाणारा मराठी प्रवासी बृहदीश्वर मंदिरात एक गोष्ट हमखास शोधतो : भिंतीवर कोरलेला मराठी शिलालेख. मीही तो शोधला आणि पाहून ऊर भरून आला. मात्र त्याचा जो अर्थ मी तेव्हा लावला, तो चुकीचा होता. ती चूक कोणती, हे सांगण्यासाठी हा थ्रेड.

२/ मंदिरात प्रवेश पूर्वेकडून होतो. एकामागून एक उभी असलेली गोपुरे ओलांडली की समोर प्रचंड नंदी आणि त्यामागे सुमारे ६० मीटर उंचीचे विमान. नंदी नायक राजवटीतला. विमान पहिल्या राजराज चोळाचे. राज्यारोहणाच्या २५ व्या वर्षी, म्हणजे इ.स. १०१० मध्ये, त्याने शिखरासाठी कलश अर्पण केल्याची नोंद आहे.

३/ प्रदक्षिणेला लागावे, तर भिंतींवर आणि जोत्यावर तमिळ अक्षरांच्या ओळीच ओळी. आरंभी राजाच्या विजयांची प्रशस्ती, आणि पाठोपाठ दानांचा काटेकोर हिशेब. मंदिराच्या सेवेसाठी वसवलेल्या ४०० नर्तकींची नावे, त्यांची घरे आणि त्यांना मिळणारा धान्याचा वाटाही त्यात नोंदवलेला आहे. राज्य खरोखर हाती असलेल्या राजाची ही भाषा.

४/ नैऋत्येच्या बाजूस प्राकाराच्या भिंतीपाशी पोहोचलो की लिपी बदलते. देवनागरी अक्षरे, मराठी भाषा. हेच ते ‘भोसले वंशचरित्र’. डिसेंबर १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी ते कोरवून घेतले. मजकूर त्यांच्या दरबारातील बाबूरावांनी सिद्ध केला. मराठीतील सर्वांत विस्तृत शिलालेखांत त्याची गणना होते.

५/ ‘वैभवाच्या शिखरावर असलेल्या मराठी राजाने चोळांच्या मंदिरावर आपली मुद्रा उमटवली,’ असे त्या दिवशी मी वहीत लिहिले. परत आल्यावर टिपणे नीट करताना १८०३ या आकड्यापाशी अडखळलो. त्या वर्षी तंजावरचा कारभार कोणाच्या हाती होता?

६/ थोडे मागे जाऊ. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे आदिलशाहीतर्फे दक्षिणेत उतरले आणि १६७५-७६ च्या सुमारास तंजावर त्यांच्या ताब्यात आले. शतकभरानंतर चित्र पालटले होते. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने तंजावर जिंकले. १७७६ मध्ये तुळजाजीराजांना गादी परत मिळाली, पण ती देणारा हात ईस्ट इंडिया कंपनीचा होता.

७/ १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी तुळजाजींनी भोसले कुळातील दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले. हे दत्तविधान सदोष असल्याचे मत पंडितांनी दिले आणि कंपनीने तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांना गादीवर बसवले. मुलाचा कैवार श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने घेतला. १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवण्यात आले. पुढे पंडितांचे मत वेगळे पडले, कंपनीचा निर्णयही फिरला आणि १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले.

८/ या गादीची किंमत पुढल्याच वर्षी चुकवावी लागली. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने महसूल आणि न्याय यांसह सारा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरले ते तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख पॅगोडा, म्हणजे दाक्षिणात्य होन, आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

९/ आता शिलालेखाची तारीख पुन्हा वाचा. तहाला चार वर्षे झाली आहेत. ज्याच्या वारसाहक्कावर अकरा वर्षे वाद चालला आणि हक्क सिद्ध होताच राज्य हातून गेले, तो राजा मंदिराच्या भिंतीवर आपल्या कुळाची कथा कोरवून घेतो आहे. मी ज्याला विजयस्तंभ समजलो, तो मला आज वारसाहक्काचा दाखला वाटतो.

१०/ म्हणून लेखाचे मोल घटते का? मुळीच नाही. शहाजीराजे आणि शिवाजी महाराज यांच्या काळासाठी तो जपून वापरावा लागतो, कारण तो शतकाहून अधिक काळानंतर रचलेला आहे. मात्र १८०३ मधील एका राजाला आपल्या कुळाविषयी काय सांगावेसे वाटत होते, यासाठी तो अव्वल दर्जाचा पुरावा आहे.

११/ मंदिराजवळच शिवगंगा तलावाच्या काठी एक चर्च आहे, तेही चुकवू नका. आत फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचे संगमरवरी शिल्प आहे : मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हाती घेतलेले सरफोजी. हे स्मारकही सरफोजींनीच करवून घेतले. कुळाची कथा सांगणारी भिंत आणि कृतज्ञतेचा हा संगमरवर एकाच दिवशी पाहावा. एकट्या भिंतीवरून हा माणूस कळत नाही.

१२/ शेवटी राजवाड्यातील सरस्वती महाल. नायककाळापासूनचा हा ग्रंथसंग्रह सरफोजींनी अपार वाढवला. कारभार गेलेल्या राजाने उरलेले आयुष्य आणि द्रव्य ग्रंथांवर वेचले. १८५५ मध्ये पुरुष वारस नसल्याने कंपनीने ही गादीही संपवली. ग्रंथ राहिले, त्यांत मोडीतील दरबारी कागदही आहेत.

१३/ परमुलखात आपली अक्षरे दिसली की आनंद व्हावाच. मलाही पुन्हा होईल. वहीतले ते वाक्य मी खोडलेले नाही, शेजारी फक्त ‘१७९९’ एवढेच लिहून ठेवले आहे. तुमच्या गावातील मंदिरावर, वेशीवर किंवा बारवेवर एखादा लेख असेल, तर त्याचे वर्ष वाचा आणि त्या वर्षी तो कोरवणाऱ्याच्या हाती काय होते, ते शोधा. सापडले तर खाली जरूर लिहा. 🙏