घोडकाठच्या राजदूतची कुळकथा

शिरूर आणि दौंड तालुक्यांत डांबरी रस्ता कमी आणि पाणंद जास्त, असा काळ फार लांबचा नाही. घोड आणि भीमेच्या खोऱ्यातल्या काळ्या रानात पावसाळ्यात बैलगाडीचं चाक सहज रुतायचं. त्या रानातल्या वस्त्यांवरचं दूध डेअरीपर्यंत पोचवणाऱ्या गाड्यांत राजदूत मोटारसायकलीचा मान मोठा. दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, मागं वैरणीची पेंडी, टाकीवर एखादं पोर, आणि खाली रस्ता असेलच अशी खात्री नाही. ऑफ-रोड मोटारसायकल नावाचा काही प्रकार असतो, हे तेव्हा इथं कुणाच्या कानावरही नव्हतं. काम मात्र तेच चाललं होतं.

आता अशा गाड्या पडवीत नाहीतर गोठ्याच्या कडेला गंजत पडलेल्या असतात, आणि एखादा हौशी माणूस ती घरच्या घरी उभी करायला घेतो. पाने, गोटी पाने, डिझेलचा डबा, जुना पंचा, एवढ्यावर सुरुवात होते. पहिला प्रश्न मात्र पान्यानं सुटत नाही. गाडी मूळ रूपात आणायची म्हणजे कोणत्या रूपात? मूळ ठरवायचं तर कूळ काढावं लागतं, आणि राजदूतचं कूळ घोडकाठावरून निघून फरिदाबादमार्गे पोलंडला आणि तिथून जर्मनीतल्या साक्सनीला जातं.

साक्सनीत च्शोपाऊ नावाचं लहानसं गाव आहे. योर्गेन स्काफ्ते रास्मुसेन या डॅनिश उद्योजकानं तिथं डीकेडब्ल्यू ही कंपनी नावारूपाला आणली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मोटारसायकली बनवणारी ती जगातली सर्वांत मोठी कंपनी होती. तिचा भर टू-स्ट्रोक इंजिनावर. या इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. हलणारे मुख्य भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये एक अडचण होती. ताजं मिश्रण आत येताच जळलेल्या वायूबरोबर ते सायलेन्सरकडे निसटायचं. ते अडवायला पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा ठेवत. त्यानं पिस्टन जड व्हायचा आणि तापायचाही. आडोल्फ श्नुर्ले या जर्मन अभियंत्यानं १९२५ च्या सुमारास यावर तोड काढली. मिश्रण आत सोडणारी भोकं सिलिंडरच्या दोन बाजूंना अशा तिरप्या कोनात ठेवायची, की दोन्ही झोत समोरच्या भिंतीवर जाऊन वर वळतील आणि जळका धूर पुढं ढकलतील. उंचवटा गेला, पिस्टन हलका झाला. पेट्रोल इंजिनांसाठी या युक्तीचे हक्क डीकेडब्ल्यूनं घेतले, आणि तिथले अभियंते हेर्मान वेबर यांनी तिच्यावर १९३९ ची आरटी-१२५ उभी केली. हलकी, स्वस्त, खेड्यातल्या लोहारालाही उलगडणारी.

मग युद्ध झालं आणि जर्मनी हरला. च्शोपाऊचा कारखाना सोव्हिएत फौजांनी उखडून नेला. जिंकलेल्या देशांच्या हाती जी लूट लागली तीत आरटी-१२५ चे आराखडेही होते. रशियात तिच्यावरून मॉस्क्वा आली, इंग्लंडात १९४८ ला बीएसएची बँटम, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची १२५. जपानमध्ये यामाहाची पहिली मोटारसायकल, १९५५ ची वायए-१, याच घाटाची. तांबड्या रंगामुळं जपानी लोक तिला लाल चतुर म्हणत. पोलंडनंही हेच केलं. युद्धानंतर तिथं जी १२५ सीसीची इंजिनं निघाली, ती आरटीच्या वळणावरची होती.

पोलंडमधल्या किएल्त्से शहरात लुडविकूव नावाचा जुना लोखंडकारखाना होता. त्याच्या पूर्ण पोलिश नावाची आद्याक्षरं घेऊन गाड्यांना एसएचएल म्हणत. या कारखान्यानं युद्धाआधी, १९३८ ला, ९८ सीसीची एक गाडी काढली होती. तिचं इंजिन इंग्लंडच्या विलियर्सचं. युद्धानंतर इंजिन देशी झालं आणि १९६१ च्या सुमारास एसएचएल एम-११ आली. १७३ सीसी, तीन गिअर, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी. पुढच्या चाकाला टेलिस्कोपिक नळ्यांऐवजी अर्ल्स पद्धतीचा लांब चिमटा. अर्नेस्ट अर्ल्स या इंग्रज अभियंत्याच्या या रचनेत ब्रेक दाबला तरी गाडीचं नाक खाली बसत नाही. वळणं घेत वेगात पळायला ती जड पडते, पण खड्ड्यातून ओझं नेताना शहाणी ठरते.

याच सुमारास नंदा बंधूंच्या एस्कॉर्ट्सनं पोलंडशी संधान बांधलं होतं. ट्रॅक्टरसाठी उर्सुस आणि मोटारसायकलीसाठी एसएचएल. १९६२ पासून एम-११ वर आधारलेली गाडी फरिदाबादला बनू लागली आणि तिचं नाव राजदूत पडलं. त्यामुळं एखाद्या शेतावर एस्कॉर्टचा ट्रॅक्टर आणि राजदूत शेजारी उभी असेल, तर दोघांचंही आजोळ पोलंड. १९७३ ला ‘बॉबी’ सिनेमा आला. त्यात ऋषी कपूर आणि डिंपल जिच्यावरून पळून जातात ती छोट्या चाकांची राजदूत शहरात गाजली. खेड्यानं मात्र तिच्या थोरल्या बहिणीलाच धरून ठेवलं.

कुळाची एक फांदी पुढं गमतीनं परत येऊन भेटली. यामाहानं १९६८ ला डीटी-१ काढली. रस्त्यावर आणि रानात दोन्हीकडं चालणारी, थेट दुकानातून घेता येणारी ती २५० सीसीची गाडी अमेरिकेत खूप खपली आणि मातीतल्या मोटारसायकलींचा बाजार तिनं उघडला. पुढं हीच यामाहा एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत भारतात आली. १९८३ ला राजदूत ३५० आणि १९८५ ला आरएक्स-१००. एकाच आरटी-१२५ पासून फुटलेल्या पोलंडच्या आणि जपानच्या फांद्या एका भारतीय कंपनीच्या छपराखाली एकत्र आल्या. त्यातली आरएक्स-१०० तर आपल्याकडच्या मातीवरच्या शर्यतींत वर्षानुवर्षं धावली.

इथवर झालं ते इंजिनाचं कूळ. मातीत धावण्याचं कूळ वेगळं आहे, आणि ते कारखान्यात सुरू होत नाही. यॉर्कशरमध्ये आल्फ्रेड स्कॉट यांचा मोटारसायकलीचा कारखाना होता. टू-स्ट्रोकचाच. १९१४ ला तिथल्या कामगारांनी मोकळ्या माळरानावरून गाड्या पळवायची चढाओढ सुरू केली. १९२४ च्या मार्चमध्ये दक्षिण इंग्लंडात केंबर्लीच्या क्लबानं तिच्या धर्तीवर एक शर्यत घेतली. नियमांतली परीक्षणाची कलमं गाळली आणि फक्त वेगावर निकाल ठेवला. मोटोक्रॉसची सुरुवात तिथून धरतात. त्या शर्यतींत धावल्या त्या रस्त्यावरच्याच गाड्या. दिवे उतरवलेल्या, मडगार्ड वर उचललेल्या, हँडल रुंद केलेल्या. ही सगळी कापाकापी धावणाऱ्यांनी आपापल्या शेडमध्ये केली.

स्वीडनमध्ये तेच घडलं. हुस्क्वार्नानं १९५५ ला सिल्व्हरपिलेन नावाची १७५ सीसीची गाडी काढली. वजन ७५ किलो, कारण तेवढ्या वजनाची गाडी सोळा वर्षांच्या पोरांना चालवायची परवानगी होती. पोरांनी ती जंगलात नेली, घरी सुधारली, शर्यतीत उतरवली. कारखाना त्यांच्यामागून शहाणा झाला आणि १९६२ ला टोरस्टेन हालमन हुस्क्वार्नावरच २५० सीसीचा पहिला मोटोक्रॉस विश्वविजेता ठरला. च्शोपाऊच्या जुन्या कारखान्यातून पूर्व जर्मनीची एमझेड निघाली. तिच्या जोरावर त्या देशानं १९६३ पासून सलग पाच वर्षं सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीची ट्रॉफी नेली. त्याच एमझेडचा शर्यतवीर एर्न्स्ट डेग्नर १९६१ ला पळून सुझुकीकडं गेला आणि टू-स्ट्रोकमधून ताकद काढायची गुपितं जपानला पोचली. १९७० ला २५० च्या मोटोक्रॉसचं विजेतेपद सुझुकीकडं होतं.

मातीतली मोटारसायकल ही आधी वापरणाऱ्याच्या शेडमध्ये जन्मते आणि नंतर कंपनीच्या यादीत येते. या न्यायानं पाहिलं तर घोडकाठची राजदूत आपोआप त्या कुळात बसते. दुधाचे कॅन अडकवायला वेल्डिंग करून बसवलेली लोखंडी चौकट, ओझ्यासाठी जाड घातलेले शॉकअप, चिमट्याला मारलेली पट्टी, मडगार्डात काळी माती अडकू नये म्हणून वाढवलेलं अंतर, असे बदल कुठल्याच कंपनीच्या पुस्तकात नसतात. ते मालकानं आणि गावच्या मिस्त्रीनं मिळून केलेले असतात. केंबर्लीच्या आणि स्वीडनच्या पोरांनी गाडी हलकी केली ती शर्यतीसाठी, आपल्याकडं ती भक्कम केली ती दुधासाठी. हेतू वेगळा, रीत एकच.

म्हणूनच घरच्या गॅरेजात राजदूत उभी करणाऱ्याचं काम दुहेरी आहे. त्यातला यांत्रिक भाग सोपा आहे. पिस्टन धरला असेल तर प्लगच्या भोकातून डिझेल ओतून थांबायचं, किकवर उड्या मारायच्या नाहीत. बोअर झिजलं असेल तर सिलिंडर लेथवाल्याकडं न्यायचा आणि वाढीव मापाचा पिस्टन घालायचा. टू-स्ट्रोकचा खरा शत्रू बाहेरून दिसत नाही. क्रँकच्या दोन्ही टोकांना जी ऑइल सील असतात ती वर्षानुवर्षं पडून कडक होतात. या इंजिनात क्रँककेसच पंपाचं काम करते. सील गेलं की एका बाजूनं हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि मोकळ्यावर आपोआप भरकटतं. दुसऱ्या बाजूनं गिअरचं ऑइल ओढलं जातं आणि मागं पांढऱ्या धुराचा लोट उठतो. पुष्कळ लोक अशा वेळी कार्बोरेटरशी झटत बसतात. कनेक्टिंग रॉडची बेअरिंग वाजत असेल तर क्रँक दाबयंत्रावर उघडून नवी पिन बसवावी लागते, आणि मग ती दोन टोकांवर फिरवून सरळ आहे की नाही ते डायलवर पाहावं लागतं. हे घरी होत नाही, कुणाचा तरी अनुभवी हात लागतो. टाकीच्या आतला गंज मूठभर नटबोल्ट घालून हलवला की सुटतो. पण टाकीला वेल्डिंग करायचं तर आधी ती पाण्यानं काठोकाठ भरून आतली पेट्रोलची वाफ घालवली पाहिजे, नाहीतर ती टाकी बॉम्ब होते. सुटे भाग मिळतात ते पुण्यात नाना पेठेत, नाहीतर बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरणाऱ्या जुन्या बाजारात. तिथं हात काळे करून शोधायची तयारी हवी.

अवघड भाग रंगाचा आणि त्या चौकटीचा. हौशी माणसाची पहिली इच्छा असते की वेल्डिंगच्या सगळ्या खुणा घासून टाकाव्या, डेंटिंग-पेंटिंग करून, क्रोम चढवून गाडी १९६० च्या दशकातल्या शोरूमसारखी करावी. इथं इनामगावकडं बघण्यासारखं आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात घोडनदीच्या काठी तिथलं ताम्रपाषाणयुगीन गाव उकरलं. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांचं ते काम. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथं शेतकरी राहत. कुंभार, सोनार, मणी घडवणारे, चुना भाजणारे, हस्तिदंताचं काम करणारे असे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला राहत आणि आपल्या घरापाशीच काम करत. बैलगाडीचं रेखाटन असलेलं एक भांडंही तिथं निघालं. या कारागिरांपासून आजच्या गॅरेजापर्यंत सरळ परंपरा जोडणं ही थाप होईल. शिकायचं आहे ते उत्खननाच्या रीतीतून. कुठल्या घरात कोण राहत होतं हे संशोधकांनी ओळखलं ते भट्टीच्या राखेवरून, अर्धवट राहिलेल्या मण्यांवरून आणि फुटक्या भांड्यांवरून. ती घरं कुणी आधीच झाडून-पुसून, सारवून ठेवली असती, तर कारागिरांचा पत्ताच लागला नसता.

राजदूतवरची ती ओबडधोबड चौकट अशीच राख आहे. तिच्यावरून कळतं की ही गाडी दुधाची होती, कुठल्या बाजूला ओझं जास्त पडायचं, कुठं मोडली आणि कुणी सांधली. ती घासून टाकली की हातात फरिदाबादच्या कारखान्यातली एक राजदूत उरते, आणि तशा पुष्कळ बनल्या होत्या. मातीच्या कुळातली, या एका पाणंदीची राजदूत मात्र गेलेली असते.

कायद्यानं हा प्रश्न आणखी टोकदार केला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या फेरनोंदणीला ५,०००, नंबरपाटीवर व्हीए ही अक्षरं आणि नोंदणीची मुदत दहा वर्षं. अट अशी की ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. तिची जागा प्रदर्शनात आणि ठरलेल्या फेऱ्यांमध्ये. दुसरा मार्ग म्हणजे तपासणी करून साध्या नोंदणीचं पासिंग पुन्हा मिळवणं. त्यात मान कमी आणि हेलपाटे जास्त. तरीही आरसी बुक शाबूत असेल तर राजदूतसाठी हाच मार्ग धरावा. इंजिन मुळाबरहुकूम करावं, सील नवी घालावीत, ब्रेक आणि वायरिंग यांत कसूर ठेवू नये. चौकटीचा गंज काढून तिला गंजरोधक रंगाचा हात द्यावा आणि तिथंच थांबावं. पूर्वी जे काम करत होती तेच ती आजही करू शकत असेल, तर दुरुस्ती पुरी झाली असं समजावं. मग चकाकी कमी पडली तरी हरकत नाही.