मुदतीचा कागद

रायपुरातील तेलीबांधा तलावाच्या काठी आज चहाचे पैसेही मोबाईलवरून चुकते होतात. मग धनादेशाचे काम संपले काय? आम्हांस तसे वाटत नाही.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, तेव्हा दूरदेशीचा पैसा हुंडीने फिरत असे. दर्शनी हुंडीचे पैसे ती दाखविताच मिळत, मुदतीचे ठरल्या दिवशी. हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’, तीही हरवल्यास ‘परपेठ’ लिहून देत. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याने धनादेशाचे नियम बांधले. देशी भाषांतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज मात्र अबाधित ठेविले. पुढे १९८८ च्या दुरुस्तीने, खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने धनादेश न वटणे हा फौजदारी गुन्हा ठरला.

२०१६ साली आलेल्या यूपीआयने दर्शनीचे काम क्षणावर आणिले. परंतु आज माल घेऊन दोन महिन्यांनी पैसे देणाऱ्याचा पुढील तारखेचा धनादेश मुदती हुंडीचाच वारसा चालवितो. उधारीवर माल देणाऱ्या लहान व्यापाऱ्यापाशी दाद मागावयास तेवढाच सहीचा कागद असतो. वेग हा व्यवहाराचा एक गुण झाला. पत हा दुसरा, आणि पतीला मुदत लागते.