मिठाच्या अणुभट्टीचं उरलंसुरलं

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. प्रोजेक्ट लाइव्ह गेलं की केक कापतात, ग्रुप फोटो निघतो. तीच सिस्टीम दहा वर्षांनी बंद करायची वेळ आली की ते काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याचं तोंड बघवत नाही. गेला महिनाभर ते तोंड माझं आहे :) म्हणूनच असेल कदाचित, शनिवारी ओक रिजच्या वितळलेल्या मिठाच्या अणुभट्टीबद्दल वाचायला बसलो आणि ती चालली कशी यापेक्षा बंद पडल्यावर काय झालं यातच अडकलो.

तर मंडळी, आधी थोडी ओळख. नेहमीच्या अणुभट्टीत युरेनियम घन स्वरूपात, धातूच्या नळ्यांमध्ये बंद असतं. इथे नळ्याबिळ्या काही नाहीत. लिथियम, बेरिलियम आणि झिर्कोनियम यांच्या फ्लोराइडांच्या मिश्रणात युरेनियमचं फ्लोराइड विरघळवायचं आणि तो रस ६५० अंश सेल्सियसच्या आसपास ग्रॅफाइटच्या गाभ्यातून फिरवत राहायचं. (मीठ म्हणजे रसायनशास्त्रातलं मीठ, जेवणातलं नव्हे.) इंधन तेच आणि उष्णता वाहून नेणारंही तेच. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १ जून १९६५ ला ही भट्टी पहिल्यांदा 'क्रिटिकल' झाली, म्हणजे आतली साखळी अभिक्रिया स्वतःच्या बळावर चालू राहिली. ताकद सात-आठ मेगावॉटची, तीसुद्धा नुसत्या उष्णतेची. वीज वगैरे काढायचीच नव्हती. प्रयोगशाळेचे संचालक होते अल्विन वाइनबर्ग आणि त्यांचा या कल्पनेवर फार जीव.

जीव असायला कारणही होतं. घन इंधनात विखंडनातून तयार झालेला कचरा तिथल्या तिथे अडकून बसतो. झेनॉन-१३५ सारखा वायू तर न्यूट्रॉन अक्षरशः गिळत सुटतो. द्रव इंधनात तो वर येतो, हेलियमबरोबर बाहेर काढता येतो. ओक रिजला हे वायू कोळशाच्या थरांत अडकवून ठेवत, त्यांचा किरणोत्सर्ग ओसरेपर्यंत. (हा कोळसा लक्षात ठेवा.)

पण खरी कमाल १९६८ मध्ये झाली. मिठातून फ्लोरिन वायूचे बुडबुडे सोडले की चार फ्लोरिनवालं युरेनियम सहा फ्लोरिनवालं होतं आणि वायू बनून वर निघून येतं. विखंडनाचा बराचसा कचरा मात्र मिठातच राहतो. या पद्धतीने त्यांनी २१८ किलो युरेनियम काही दिवसांत काढून घेतलं, तेही भट्टीच्याच इमारतीत! मग त्याच मिठात युरेनियम-२३३ घातलं आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये भट्टी पुन्हा सुरू केली. युरेनियम-२३३ वर चाललेली ही जगातली पहिली अणुभट्टी. ते थोरियमपासून बनतं, म्हणून आपल्यालाही यात रस. केरळच्या किनाऱ्यावरची थोरियमवाली वाळू सगळ्यांना माहीतच आहे, आणि मिठाच्या भट्टीचा एक आराखडा आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही झालेला आहे.

१२ डिसेंबर १९६९ ला भट्टी बंद झाली. अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचा कल सोडियमने थंड होणाऱ्या ब्रीडर भट्ट्यांकडे होता, पैसा तिकडे गेला. मीठ खालच्या टाक्यांत उतरवलं आणि थिजू दिलं. साधारण ४,६५० किलो मीठ, त्यात सुमारे ३७ किलो युरेनियम, बहुतेक २३३.

इथे मी वाचता वाचता थांबलो. अहो, युरेनियम काढायची यंत्रणा त्याच इमारतीत होती! वर्षभरापूर्वीच वापरलेली, काम करते हे सिद्ध झालेली. चालवणारी माणसंही होती. तरी ते मिठातच ठेवलं.

आता थिजलेलं मीठ गप्प बसत नाही. विखंडनाच्या कचऱ्याचा किरणोत्सर्ग चालूच असतो, त्याने फ्लोराइड तुटून फ्लोरिन वायू सुटतो. गरम असताना तो लगेच परत मिठात मिसळतो, थंड असताना नाही. हे त्या लोकांना माहीत होतं हं, ते काही अडाणी नव्हते. म्हणून मीठ दर वर्षी एकदा, वितळणार नाही इतपत, गरम करायचं म्हणजे फ्लोरिन परत आत जाईल, अशी सोय केली. (आमच्याकडे याला 'दर रविवारी सर्व्हर रीस्टार्ट' म्हणतात.) हा उपाय १९८९ पर्यंत चालला.

१९९४ मध्ये नळ्यांतल्या वायूचे नमुने तपासले तर त्यात फ्लोरिन निम्म्यापर्यंत आणि सहा फ्लोरिनवालं युरेनियम सुमारे ८ टक्क्यांपर्यंत! म्हणजे १९६८ मध्ये माणसांनी मुद्दाम केलेली क्रिया मीठ आपलं आपण, हळूहळू करत होतं, आणि वरून गरम करण्याने तिला हातभारच लागला असावा. सुमारे ४.४ किलो युरेनियम टाक्यांतून निसटलं होतं. त्यातलं अडीच किलोच्या वर कुठे जाऊन बसलं? त्या कोळशात. एका जागी इतकं युरेनियम-२३३ म्हणजे नको तिथे साखळी अभिक्रियेची भीती. शिवाय फ्लोरिन पिऊन तो कोळसा स्फोटक झालेला.

पुढची साफसफाई म्हणजे शिक्षाच. युरेनियम-२३३ बरोबर थोडं युरेनियम-२३२ येतंच, आणि त्याच्या वंशावळीतला थॅलियम-२०८ फार तिखट गॅमा किरण सोडतो. हाताने काही करायची सोय नाही. आधी अमोनिया सोडून कोळशाचा स्फोटकपणा घालवला, मग २००१ मध्ये तो कोळसा काढला. त्यानंतर टाक्यांतलं मीठ पुन्हा गरम करून वितळवायचं आणि त्यातून फ्लोरिन सोडून युरेनियम काढायचं, म्हणजे तेच १९६८ चं काम. ते मार्च २००८ मध्ये संपलं. २००३ मध्ये सगळ्या सफाईचा अंदाज सुमारे १३ कोटी डॉलर होता.

पैसे संपले की शेवटची पायरी गाळायची हा निर्णय १९६९ मध्ये नक्की कुणाला तरी शहाणपणाचा वाटला असणार. मलाही कदाचित वाटला असता. असो.

चीनने गान्सू प्रांतात वुवेईजवळ २ मेगावॉटची अशीच भट्टी बांधली, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये क्रिटिकल झाली. ओक रिजच्या टाक्यांतलं मीठ मात्र २००८ मध्ये युरेनियम निघून गेल्यावरही तिथेच राहिलं, विखंडनाचा कचरा पोटात घेऊन.