मिसळ, भेसळ आणि एक बनावट शब्द

नववीच्या वर्गात एकदा मी मुलांना विचारले, 'मिसळ' आणि 'भेसळ' यांत फरक काय? मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, मिसळ खातात, भेसळ पकडतात." वर्ग हसला, पण उत्तर शंभर टक्के बरोबर होते. उर्दूतही तसेच आहे. 'मिलना' या एकाच क्रियापदापासून 'मिलाप' झाला आणि 'मिलावट'ही. पहिल्यावर दुआ देतात, दुसऱ्यावर खटला भरतात.

इंग्रजीत हा भेद जास्तच ठसठशीत आहे. पदार्थ एकत्र आले की इंग्रजी भाषा खुशीत येते. 'हॉचपॉच' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून, भांडे हलवण्यावरून आला. गंमत म्हणजे तो स्वयंपाकघरातून थेट कोर्टात गेला. वाटणी करताना सगळी मालमत्ता आधी एका ठिकाणी जमा धरायची, याला कायद्यात 'हॉचपॉट' म्हणतात. आपल्याकडचे वकील एकत्र कुटुंबाच्या दाव्यात आजही तो वापरतात. आपली खिचडी इंग्रजांनी नेली, तिच्यात मासे आणि उकडलेली अंडी घातली आणि 'केजरी' म्हणून सकाळच्या न्याहारीला मांडली. (त्या केजरीला खिचडी म्हणायला माझी आई काही तयार झाली नसती.)

माणसे एकत्र आली की मात्र सूर बदलतो. 'हायब्रिड' हा आज बियाण्यांच्या दुकानातला सभ्य शब्द, पण लॅटिनमध्ये तो पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांच्या पिलासाठी होता, आणि मिश्र आईबापांच्या माणसालाही लावत. 'हाफ-कास्ट' मधला 'कास्ट' पोर्तुगीजांच्या 'कास्ता'वरून आला. 'मंग्रेल' म्हणजे संकरित कुत्रा, आणि माणसाला दिलेली शिवीही. या शब्दाचे मूळ 'अमंग'च्याच मुळाशी जुळते असे मानले जाते. 'अमंग' म्हणजे घोळक्यात, सर्वांमध्ये. एकाच मुळातून आपुलकीही निघाली आणि शिवीही.

पण मला सांगायची आहे ती 'मिसेजिनेशन' या शब्दाची गोष्ट. बहुतेक शब्द कोणी घडवले ते कळत नाही. याचे कर्ते सापडले, आणि त्यांचा हेतूही.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा लागू झाला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये २५ सेंट किमतीची एक पुस्तिका विक्रीला आली. लेखकाचे नाव नाही. गोऱ्या आणि काळ्यांनी आपसात लग्ने करावीत, त्यातूनच उत्तम मानव निर्माण होईल, असे तीत आवेशाने मांडले होते. तोवर या गोष्टीला 'अमाल्गमेशन' म्हणत, पण तो पाऱ्यात धातू मिसळण्याचा शब्द. म्हणून पुस्तिकेने लॅटिनमधले 'मिसळणे' आणि 'वंश' जोडून नवा शब्द तयार केला आणि तोच मुखपृष्ठावर छापला.

वाचणाऱ्याला वाटावे, हा कोणी कट्टर गुलामगिरीविरोधक आहे. प्रत्यक्षात लिहिणारे होते डेव्हिड क्रोली आणि जॉर्ज वेकमन, लिंकनविरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रातले पत्रकार! १८६४ची निवडणूक तोंडावर होती. त्यांनी प्रती गुलामगिरीविरोधी पुढाऱ्यांना पाठवून अभिप्राय मागवले. काहींनी सावधपणे, काहींनी मनापासून अनुकूल पत्रे लिहिली. फेब्रुवारी १८६४मध्ये ओहायोचे प्रतिनिधी सॅम्युअल कॉक्स यांनी काँग्रेसमध्ये भाषण केले: बघा, यांचा खरा बेत हा आहे. पुस्तिकेत आयरिश मजुरांनी काळ्यांशी सोयरीक करावी असेही मुद्दाम घातले होते. जुलै १८६३च्या न्यूयॉर्कच्या दंगलीत आयरिश मजुरांच्या जमावांनी काळ्या माणसांना ठार केले होते. त्या आगीत हे तेल होते.

लिंकन निवडून आले, म्हणजे डाव फसला. शब्द मात्र टिकला. अशा लग्नांवर बंदी घालणारे कायदे आधीपासून होते. व्हर्जिनियाच्या १६९१च्या कायद्याने तर अशा संबंधांना घृणास्पद मिश्रण ठरवले होते. आता त्या सगळ्या कायद्यांना या बनावट पुस्तिकेतले शास्त्रीय वाटणारे नाव मिळाले. मला वाटते, शिवीपेक्षा असा शब्द जास्त घातक असतो. शिवी देणाऱ्याला आपण शिवी देतोय हे निदान माहीत असते.

१९५८मध्ये रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडी आणि मिल्ड्रेड जेटर ही काळ्या व मूलनिवासी वंशाची तरुणी, यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले आणि ते व्हर्जिनियात घरी परतले. एका रात्री शेरीफ थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरला. भिंतीवर लग्नाचा दाखला लावलेला होता. तो इथे चालत नाही, असे सांगण्यात आले. शिक्षा झाली एक वर्ष कैदेची, आणि २५ वर्षे राज्याबाहेर राहणार असाल तर ती स्थगित. नऊ वर्षांनी, १२ जून १९६७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे कायदे रद्द केले. तेव्हा ते १६ राज्यांत लागू होते.

अलाबामाच्या राज्यघटनेत मात्र ते कलम, मृत असले तरी, छापलेले राहिले. ते काढायचे की नाही यावर २००० साली मतदान झाले. कलम निघाले. दहांतल्या चार मतदारांनी ते राहू द्यावे असे मत दिले होते.