कबुलीजबाबाचा कागद

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. तिथे फौजदारी वकिलाच्या हाताखाली शिकणाऱ्या आपल्या मुलांना मी एक नाव आवर्जून सांगतो: पी. एल. इनामदार.

हे ग्वाल्हेरचेच वकील. १९४८ साली लाल किल्ल्यात गांधीहत्येचा खटला उभा राहिला, तेव्हा त्यांनी इथल्या डॉ. दत्तात्रय परचुरे यांचे वकीलपत्र घेतले. हत्येचे पिस्तूल ग्वाल्हेरातून मिळवलेले. परचुऱ्यांचा कबुलीजबाबही इथल्याच मॅजिस्ट्रेटने नोंदवलेला. परचुऱ्यांनी तो पुढे नाकारला. १० फेब्रुवारी १९४९ रोजी विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी त्यांना जन्मठेप दिली. सिमल्याला अपील चालले आणि जूनमध्ये तीन न्यायमूर्तींनी त्यांना सोडले. त्याच न्यायमूर्तींनी नथुराम गोडसे व नारायण आपटे यांची फाशी मात्र कायम केली.

‘असल्या खटल्यात आरोपीच्या बाजूने उभे राहायचेच कशाला?’ असे घरची मंडळी विचारतात. माझ्या मते उत्तर या निकालातच आहे. गुन्हा कितीही घोर असो, प्रत्येक आरोपीचा पुरावा वेगळा तपासावा लागतो.

ते काम शिकाऊ वकिलापासून सुरू होते. नकला काढायच्या, तारखा जुळवायच्या. जबाबाआधी आरोपी किती दिवस कोणाच्या ताब्यात होता? कबुली देणे बंधनकारक नाही, हे मॅजिस्ट्रेटने त्याला सांगितले होते का? जुने कलम १६४ जाऊन १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे कलम १८३ आले. प्रश्न मात्र तेच राहिले, आणि ते कागद वाचणाऱ्यालाच सुचतात.