अकिकाची कडी

तामसीच्या मंडळींनी आठवणी लिहायला घेतल्यापासून मी ही एक टाळत आलो होतो. आता हातात काम असं आलंय की ती लिहिल्याशिवाय सुटका नाही. गेले दोन महिने मी घरच्या गॅलरीत मासे धरायची काठी बांधतोय, फ्लाय रॉड. नुसती काठी विकत मिळते. मूठ, रीळ बसायची जागा आणि दोरी जायच्या कड्या आपण निवडून बसवायच्या. मुलगा म्हणतो, "बाबा, तयार घ्या की एखादी." पण माझं सगळं अडलंय ते कड्यांपाशी, आणि त्याचं कारण ५५ वर्षांहून जुनं आहे.

आमचे दादा तामसीला मास्तर होते. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकले आणि पुढे पोरांना मराठी शिकवलं. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर जुने अंमलदार एकेक करून जिल्हा सोडून गेले. त्यातल्या जंगल खात्याच्या एका साहेबानं जाताना दादांना एक विलायती काठी दिली. दादांनी त्याच्या मुलांची शिकवणी घेतली होती, त्या पैशांच्या बदल्यात बहुतेक. पुढे १९५६ ला किनवट मुंबई राज्यात गेलं, आम्ही आदिलाबादेतच राहिलो, निम्मे सोयरे हद्दीच्या पल्याड झाले. काठी मात्र आमच्या माडीवर भिंतीला टांगलेली होती, तिथेच राहिली.

काठी बांबूची होती, पण आपल्या बांबूसारखी गोल नाही. बांबूच्या सहा चिपा तासून, एकमेकींना चिकटवून केलेली, षटकोनी. गंमत बघा, अशा काठ्या पहिल्यांदा करायला लागले तेव्हा विलायतेत आणि अमेरिकेत बांबू जायचा तो हिंदुस्थानातूनच. 'कलकत्ता केन' म्हणत त्याला. चीनचा टोंकिन बांबू नंतर आला.

आता कड्यांचं. आपला साधा गळ म्हणजे काठीच्या शेंड्याला दोरा बांधला की झालं. विलायतेतही आधी तसंच होतं, घोड्याच्या शेपटीच्या केसांचा दोरा शेंड्याला बांधलेला. मासा मोठा निघाला तर दोरा सोडायला जागाच नाही. आयझॅक वॉल्टनच्या १६५३ च्या पुस्तकात साल्मनसाठी शेंड्याला तारेची एक कडी लावून त्यातून दोरा सोडायची युक्ती आहे. तीच ही पहिली कडी म्हणा. मग रीळ वापरात रुळलं आणि काठीभर कड्या आल्या. त्या सुरुवातीला नथीसारख्या लोंबत्या असायच्या, काठीला चिकटून पडणाऱ्या. ओला रेशमी दोर त्यात अडकायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या कड्या आल्या, त्यातलीच एक सापासारखी वळवलेली तार. तिला आजही स्नेक गाइडच म्हणतात आणि दीडशे वर्षांत तिचा आकार फारसा बदललेला नाही.

कडीला एवढं महत्त्व का, ते सांगतो. आपल्या गळाला शिसं असतं, त्या वजनानं गळ लांब जातो. फ्लाय म्हणजे पिसांची खोटी माशी, तिला वजनच नाही. इथे फेकायची असते ती जाड दोरी, माशी तिच्यामागे जाते. म्हणजे एका दिवसात ती दोरी शेकडो वेळा कड्यांतून पुढंमागं घासत जाते. आमच्या वाड्यातल्या विहिरीच्या दगडी काठाला दोरानं पडलेल्या खाचा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना अधिक सांगायला नको. दोरीला चिकटलेली बारीक वाळू कानशीसारखं काम करते. मुठीजवळच्या पहिल्या कडीत हा घास जास्त, कारण हातातली दोरी तिच्यात तिरपी शिरते. म्हणून जुन्या चांगल्या काठ्यांना तिथे अकिकाची कडी बसवत. अकीक कठीण, गुळगुळीत, वाळूलाही दाद देत नाही. खंबायतचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ज्याचे मणी करतात तोच हा दगड. पैनगंगेच्या वाळूत आम्ही पोरं लालसर गारगोट्या वेचायचो, त्याही याच जातीच्या.

दादांच्या काठीला ती कडी होती. मधाच्या रंगाची, उजेडात धरली की आरपार दिसायची. वरच्या दोन कड्या तुटलेल्या, त्या गावच्या सोनारानं पितळी तारेच्या करून दिल्या होत्या. पितळ मऊ, दोन हंगामांत खाच पडली की दादा पुन्हा नव्या करून घेत. माशीबिशी काही नव्हती हो, कणकेची गोळी लावायचे. दोरा मात्र भोईनानांचा. भोईनाना नदीकाठचे, दादांचे दोस्त. पिळाचा सुती दोरा, बाभळीच्या सालीच्या काढ्यात भिजवून सुकवलेला. दर रविवारी दोघं नदीवर, विड्या ओढत, दिवसभरात दहा वाक्यं बोलत नसतील.

१९६८ चा उन्हाळा. मी अकरा वर्षांचा. दादा आदिलाबादला गेलेले, आणि मी त्या काठीनं परसातल्या चिंचा पाडल्या. काठी फांदीत अडकली, ओढली तेव्हा मुठीजवळची कडी दगडी पायरीवर आपटली. टिच्च असा आवाज आला. बघितलं तर केसाएवढी रेघ. बाकी कडी जागच्या जागी. मी काठी पुसून टांगून ठेवली.

अकिकाचा दोष तोच. झिजत नाही, पण आपटला की तडकतो, आणि तडकेची कड पात्यासारखी असते. नजरेला दिसतही नाही. कापसाचा बोळा आतून फिरवला तर तंतू अडकतात, तेव्हा कळतं. जुनी काठी घेणाऱ्यानं सगळ्यात आधी हेच बघावं.

पुढच्याच रविवारी दादांना आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा लागला. मी काठावर होतो. एकदा पाठ दिसली, खवले रुपयाएवढे. दादा शेवटपर्यंत त्याला महाशीर म्हणत. मला रोहू वाटला होता. दोन-तीनदा दोरा सरसर गेला, आणि तुटला. पाण्यात नाही, मुठीपाशी तुटला. दादा टोकाकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "दोरा सडका दिला तू."

भोईनाना एवढंच म्हणाले, "दोऱ्याचं काई नाई मास्तर. कडी पाहा, कडी."

दादांनी कडी पाहिली नाही. विलायती कडीत खोट कशी असेल, दोरा गावचा. त्यांनी काठी गुंडाळली. भोईनानांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मी वाळूत पाय रुतवून उभा. त्यानंतर दोघांचे रविवार संपले. दादा दुकानातून नायलॉनचा दोरा आणायला लागले, तोही लवकर झिजायचा आणि त्यांना नवल वाटायचं. समोरासमोर आले की रामराम व्हायचा, बस्स. भोईनाना गेले तेव्हा दादा मातीला गेले होते, पण परत आल्यावर काही बोलले नाहीत. दादा १९९१ ला गेले. मी त्यांनाही सांगितलं नाही. नोकरीला लागलेला, दोन पोरांचा बाप झालेला माणूस, तरी जीभ उचलली नाही.

तर आता माझी काठी. नऊ फुटी, चार तुकड्यांची. ढोबळ हिशेब असा की जितके फूट तितक्या कड्या, वर एक. मी मुठीकडं दोन चिनी मातीच्या जातीच्या, म्हणजे सिरॅमिकच्या, घेतल्या. एक १२ मिलिमीटरची, एक १० ची. १९७०-८० च्या दशकांत फुजी या जपानी कंपनीनं असल्या कड्या जगभर नेल्या आणि अकिकाचे दिवस संपले. त्यापुढं आठ स्नेक आणि शेंड्याची एक. एका पायाच्या हलक्या कड्याही मिळतात, धागा आणि वार्निश निम्मं लागतं. शेंड्याकडं ग्रॅमभर वजन वाढलं तरी काठी मंद होते, हे खरं. तरी मी दोन पायांच्याच घेतल्या, पक्क्या क्रोमच्या. एका पायाची कडी झाडाझुडपात वाकते, आणि माझा चिंचेचा अनुभव तुम्ही वाचलाच.

जागा ठरवायला पुस्तकातलं कोष्टक नुसतं सुरुवातीला घ्यावं. कड्या रबरानं तात्पुरत्या बसवायच्या, दोरी ओवून काठी वाकवायची आणि बाजूनं बघायचं. दोरी वाकाबरोबर न जाता कुठे सरळ कापत गेली, तर तिथे कड्या जवळ आणायच्या. शेंड्याकडं दाट, मुठीकडं विरळ. माझे यात चार रविवार गेले. बांधायला धागा पटवेकऱ्याकडचा, लाल रेशमी. दादांच्या काठीवर होता तसा.

जुनी कडी माझ्याकडं आहे, औषधाच्या डबीत. मुलगा म्हणाला, शोभेला लावा एक. नाही लावली.

दिवाळीत तामसीला गेलो तेव्हा भोईनानांच्या नातवाकडं गेलो. त्याची नदी आता सुटली, ऑटो चालवतो. त्याला सगळं सांगितलं, डबी दाखवली. त्यानं कडीत नख फिरवलं, थांबला, परत फिरवलं. म्हणाला, "आजा सांगे आमाले. मास्तराच्या पोरानं कडी फोडली म्हणे." मी विचारलं, मग दादांना का नाही सांगितलं? तो म्हणाला, "मार खाल्ला असता ना तुमी."

चहा पिऊन निघालो. परवा शेवटच्या कडीवर वार्निशचा दुसरा हात दिला. सुकलं की कापूस फिरवून बघायचा आहे, अकराही कड्यांतून.