होळकरांमधला 'कर'

इंदुरात आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कहाँ के?" शेजारच्या मालवी आजोबांना मी एकदा समजावत होतो, होळ गावचे म्हणून होळकर. ते म्हणाले, "यानी, होल के." त्या 'के'नं माझी झोप उडवली. हिंदीतला 'का-के-की' आणि आपला 'कर' एकाच घरातले तर नसतील?

नेहमीचं उत्तर असं, की कर म्हणजे करणारा. वारकरी वारी करतो, हे ठीक. पण होळ कसं करायचं? गावकरी गाव करत नाही, गावात राहतो. दुसरी समजूत अशी, की गावचा कर गोळा करणारे ते कर. ती मला मुळीच पटत नाही. वसुलीच्या वतनदारांना आपल्याकडे देशमुख, देशपांडे म्हणत, इकडे माळव्यात मंडलोई. आणि आडनावात 'कर' लावणारी एवढी घराणी वसुलीच करत होती, तर सारा भरत कोण होतं?

मला भावते ती प्राकृतातली वाट. बाराव्या शतकात हेमचंद्रानं आपल्या व्याकरणात 'केर' हा 'त्याचा, त्याच्याकडचा' अशा अर्थाचा प्रत्यय नोंदवला. 'कृ' धातूपासून निघालेल्या याच कुळात हिंदीचा 'का' आणि बंगालीचा 'एर' धरतात. तुलसीदासांच्या अवधीत तर चक्क 'कर' आहे. आक्षेप उघड आहे: मराठीची षष्ठी 'चा', मग हा पाहुणा कुठला? माझा अंदाज, बोलण्यातून गेलेला प्रत्यय आडनावात तगला. वारकऱ्यातला करणारा मी नाकारत नाही. दोन प्रत्यय दिसायला सारखे झाले, एवढंच.

तसं असेल तर 'होळकर' म्हणजे 'होळचा', आणि होळात तर सगळेच होळचे; असं नाव गावाबाहेरच कामाचं. 1693 साली जन्मलेला मल्हारी, म्हणजे पुढचे मल्हारराव होळकर, वडील वारल्यावर आईबरोबर खानदेशात, तळोद्याला मामा भोजराज बारगळांकडे गेला. हे नाव त्याला चिकटलं ते तिथंच, असं मी धरून चालतो. घराण्याचं आधीचं आडनाव वीरकर सांगतात. काहीजण मूळ वाफगावचं म्हणतात, पण मला नीरेकाठचं, म्हस्कोबाचं वीर खुणावतं. होळही त्याच नदीकाठी, खाली.

इंदुरात 1929 साली जन्मलेल्या लता मंगेशकरांचंही असंच. त्यांचे वडील दीनानाथ, आणि दीनानाथांच्या वडिलांचं आडनाव हर्डीकर. गोव्यातली मंगेशी सोडून नाटकात आलेल्या दीनानाथांनी मंगेशकर लावलं. म्हणजे इंदूरचे दोन सर्वांत गाजलेले 'कर' शोधायला गेलं, तर दोन्हींच्या पोटात आधीचा एकेक 'कर' निघतो. म्हणून आडनावातलं गाव सापडलं की कुळाचं मूळ सापडलं, असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. ते गाव बहुधा वाटेतला एक मुक्काम असतो.

त्याआधीचे मुक्काम शोधायचे तर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या वह्या असतात, पिढ्यांची नावं त्यांत गाव आणि आडनावावरून शोधतात. तिकडे निघण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला दोन गोष्टी विचारून कागदावर उतरवून घ्या: कुलदैवत कुठलं, आणि या आडनावाआधी आपल्याला काय म्हणत.